निरागसतेला गुण किती?

मागच्या ईदला माझी भाची घरी आली होती. हॉस्टेलवर राहून शिकते. शीरखुर्म्याची वाटी पुढ्यात, पण लक्ष मोबाईलमध्ये. काय गं, म्हणून विचारलं तर म्हणाली, "मामू, मला शंभरात एक्याण्णव मिळाले." मी मुबारकबाद द्यायला निघालो, तर तिचा चेहरा पडलेला. मैत्रिणी तिला 'काकूबाई' म्हणून चिडवत होत्या.

ही परीक्षा म्हणजे 'राइस प्युरिटी टेस्ट'. अमेरिकेत, टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरी राइस विद्यापीठ आहे. तिथल्या 'राइस थ्रेशर' या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रात 1924 मध्ये तिचं एक जुनं रूप छापलं गेलं. तेव्हा प्रश्न विचारले होते ते फक्त विद्यार्थिनींना! शुद्धतेचा हिशेब आधी मुलींकडे मागायचा, ही रीत केवळ आपल्याकडचीच नाही तर.

आज तिच्यात शंभर प्रश्न आहेत आणि ती कुणीही सोडवू शकतं. प्रेमानं कुणाचा हात धरलात का, इथपासून सुरुवात होते. पुढे दारू, नशा, शरीरसंबंध, पोलीस. जे केलं असेल त्यापुढे खूण करायची. जितक्या खुणा, तितके गुण शंभरातून वजा. म्हणजे गुण जास्त तर अनुभव कमी. ही यादी पुरी करण्यासाठी नाही, असा इशाराही सुरुवातीलाच दिलेला असतो. तो वाचतो कोण?

आता हा हिशेब जरा तपासू. हात धरला, एक गुण गेला. अटक झाली, तरीही एकच गुण गेला. दोन्हींचं वजन सारखं! सोडवणारा अठरा वर्षांचा की चाळिशीचा, हे पाहिलं जात नाही. मानसशास्त्रज्ञांची चाचणी अनेक लोकांवर पारखून घेतलेली असते. जे मोजायचं तेच ती मोजते का, पुन्हा दिली तर निकाल तसाच येतो का, हे पाहिलेलं असतं. ही तशी चाचणी नव्हे. हा विद्यार्थ्यांचा खेळ आहे.

खेळ म्हणून ठीक. पण भाची पुढे हळूच म्हणाली, "मामू, माझी रूममेट एका प्रश्नावर रडली." लहानपणी त्या मुलीवर जबरदस्ती झाली होती. तिनं प्रामाणिकपणे खूण केली आणि तिचा गुण कापला गेला. मनानं केलं की माथी मारलं गेलं, हे त्या यादीला ठाऊकच नाही. गुन्हा दुसऱ्याचा आणि वजाबाकी हिच्या खात्यात!

मला दोन शब्द आठवले. आमच्या घरात लहान मुलाला 'मासूम' म्हणतात. मूळ अरबीत त्याचा अर्थ राखलेला, जपलेला. आणि मराठीतला 'निरागस' संस्कृतातून आला. 'आगस्' म्हणजे अपराध. ज्याच्याकडून अपराध घडला नाही तो निरागस. म्हणजे त्या मुलीला कुणी जपलं नाही, हे खरं. पण तिच्याकडून अपराधही घडलेला नाही. ती निरागसच आहे. आणि माझी भाची? तिला अनुभव कमी आहे, एवढंच. त्यात ना लाज, ना मोठेपणा.

तेव्हा मुलांनो, हा खेळ खेळायचाच तर एकट्यानं खेळा. चारजण मोबाईलमध्ये डोकावत असताना उत्तर खरं राहत नाही. आकडा कुणाला सांगू नका, दुसऱ्याचा विचारू नका. आणि एखादा प्रश्न जिव्हारी लागला, तर मोबाईल बाजूला ठेवून विश्वासाच्या माणसाशी बोला.

भाचीनं तेव्हाच त्या मैत्रिणीला फोन लावला. बोलणं बराच वेळ चाललं. शीरखुर्मा मी पुन्हा गरम करून दिला.