विहीर उरली, गाव गेलं

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातल्या ग्रीन्सबर्गची ओळख एक विहीर. १८८७-८८ मध्ये माणसांनी हातांनी खोदलेली, ३२ फूट रुंद, १०९ फूट खोल. वाटसरू थांबून पायऱ्या उतरून ती बघत. बाकी जेमतेम दीड हजार वस्ती, गव्हाची शेतं आणि नजर पोचेल तिथवर सपाट माळ.

४ मे २००७ च्या रात्री पावणेदहाच्या सुमारास या गावावरून टोर्नेडो गेला. आपल्या चक्रीवादळाशी त्याची गल्लत करू नये. चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरतं, त्याची चाहूल काही दिवस आधी लागते. टोर्नेडो एकाच ढगाच्या पोटातून जन्मतो. मेक्सिकोच्या आखाताकडून दमट, उबदार हवा येते, रॉकी पर्वताकडून कोरडी. वर गेलं की वाऱ्याचा वेगही बदलतो, दिशाही. त्यामुळे हवा आधी आडवी, लाटण्यासारखी फिरू लागते. खालून जोरात चढणारी उबदार हवा ते लाटणं उभं करते आणि अख्खा ढगच फिरू लागतो. अशा फिरत्या ढगांपैकी थोड्यांचीच सोंड जमिनीला टेकते.

त्या रात्रीची सोंड सुमारे पावणेतीन किलोमीटर रुंद होती, म्हणजे गावापेक्षाही मोठी. ९५ टक्के गाव भुईसपाट झालं. धान्याचं उंच काँक्रीटचं कोठार मात्र उभं राहिलं. वाऱ्याचा वेग ताशी ३३० किलोमीटर धरला जातो. तो मोजलेला नाही, पडझड पाहून ठरवलेला आहे. टोर्नेडोची प्रत अशीच, नुकसानीवरून लावतात.

एवढं होऊन गावात अकरा जण दगावले. एकेक जीव मोलाचा, पण उद्ध्वस्त घरं मोजली तर हा आकडा थक्क करतो. श्रेय भोंग्यांचं आणि तळघरांचं. सुमारे वीस मिनिटं आधी भोंगे वाजले आणि लोक खाली उतरले.

पुढे गावाने पर्यावरणपूरक पुनर्बांधणीचा चंग बांधला. (नावातला ‘ग्रीन’ हिरवा नव्हे, घोडागाड्या चालवणाऱ्या एका ग्रीनचं ते आडनाव.) नव्या सरकारी इमारती वीज वाचवणाऱ्या झाल्या, गावाबाहेर दहा पवनचक्क्या उभ्या राहिल्या. ज्या वाऱ्याने गाव नेलं तोच आता दिवे लावतो, हे वाक्य प्रत्येक बातमीदाराने लिहिलं. मलाही आवरलं नाही. पण इमारती उभ्या करणं सोपं, माणसं परत आणणं अवघड. वादळाआधीच ओसरू लागलेली वस्ती नंतर निम्म्यावर आली.

विहिरीवर २०१२ मध्ये नवं संग्रहालय उघडलं. २००० च्या जनगणनेत गावात १,५७४ माणसं होती, २०२० च्या जनगणनेत ७४०.