अंतराळनौकेची ढाल

ढाल म्हटली म्हणजे इतिहासाच्या पुस्तकातील गेंड्याच्या कातड्याची, पितळी फुले जडवलेली ढाल आपणां सर्वांच्या डोळ्यांपुढे उभी राहते. वाराने तिला खोक पडली तर ती खोक तशीच राही. आम्ही ज्या ढालीविषयी चार शब्द लिहिणार आहोत ती याहून निराळी आहे. ती डोळ्यांस दिसत नाही, वारांनी झिजते, आणि झिजत असतानाच आपोआप भरूनही निघते. ही ढाल आहे ‘ईव्ह ऑनलाइन’ या खेळातील अंतराळनौकांची.

आइसलँडच्या रेकजाविक शहरातील सीसीपी या कंपनीने हा खेळ मे २००३ मध्ये सुरू केला. त्यात प्रत्येक खेळाडू एका नौकेचा कप्तान होतो. कोणी व्यापार करतो, कोणी खाणी खणतो, कोणी चाचेगिरी करतो. इतर खेळांत मेलेला वीर पुन्हा उठून उभा राहतो आणि त्याची तलवारही त्याच्या हाती असते. येथे तसे नाही. नौका फुटली की ती गेली. विम्याने काही भरपाई मिळते, परंतु तिच्यावर बसविलेली साधने व आतील माल यांचे दाम कोणी देत नाही. म्हणूनच ढालीचे गणित येथे जिवाभावाचे होऊन बसते. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने २०१२ मध्ये आपल्या संग्रहासाठी जे पहिले चौदा व्हिडिओ गेम निवडले त्यांत हा एक होता. घरच्या वडीलधाऱ्या मंडळींस हे सांगून पाहिले. फारसा उपयोग झाला नाही.

नौकेस तीन आवरणे असतात. सर्वांत बाहेर ढाल, तिच्या आत चिलखत आणि त्याच्याही आत नौकेचा सांगाडा. सांगाडा संपला की नौका संपली. यांपैकी आपोआप भरून येते ती केवळ ढाल. बाकीची दोन दुरुस्त करावी लागतात.

आता मारा कसा अडतो ते पाहू. या खेळात मारा चार प्रकारचा असतो: विद्युत्‌चुंबकीय, औष्णिक, आघाती आणि स्फोटक. सामान्य नौकेची उघडी ढाल यांपैकी पहिल्या प्रकारास मुळीच अडवीत नाही. औष्णिक मारा ती २० टक्के अडविते, आघाती ४० टक्के आणि स्फोटक ५० टक्के. म्हणून शत्रू कोणती शस्त्रे वापरतो हे आधी ठाऊक असलेला कप्तान निम्मी लढाई जिंकलेला असतो. हे प्रमाण वाढविणारी साधने मिळतात, आणि त्यांचे फळ वरवर दिसते त्याहून मोठे असते. ५० टक्के मारा अडविणारी ढाल दुप्पट टिकते हे उघड आहे; पण ७५ टक्के अडविणारी ढाल दीडपट नव्हे, तर चौपट टिकते, कारण आता शंभरापैकी पंचवीसच आत पोहोचतात.

मग अशी साधने एकावर एक चढवीत का जाऊ नये? खेळ रचणाऱ्यांनी ही पळवाट आधीच बुजविली आहे. एकाच जातीचे दुसरे साधन आपल्या सामर्थ्याच्या सुमारे ८७ टक्केच काम करते, तिसरे ५७ आणि चौथे अवघे २८ टक्के. प्रत्येकी ३० टक्के अडविणारी साधने लावली, तर एका साधनाने शंभरातील ७० मारा आत येतो, दोहोंनी ५२, तिहींनी ४३ आणि चारांनी ३९. चौथ्याची जागा दुसऱ्या कामास द्यावी हे बरे. ढालीचा साठा वाढविणारी साधनेही आहेत. पण त्यांच्या योगाने नौका शत्रूच्या तोफांस मोठी दिसू लागते आणि नेम अधिक सहज बसतो.

परंतु ढालीचे खरे मर्म तिच्या भरण्यात आहे, आणि तेथेच पुष्कळांची फसगत होते. नळाखाली ठेवलेल्या बादलीसारखी ती एकाच वेगाने भरत असेल असे आम्हांसही वाटत होते. ढाल पूर्ण भरण्यास जवळ आली असता तिचा वेग जवळजवळ शून्य असतो. अगदी रिती झाली असताही तसाच. सर्वांत जास्त वेग असतो तो ढाल नेमकी २५ टक्के उरली असता.

हे असे का, याचे उत्तर खेळाडूंच्या परिचयाच्या एका सूत्रात आहे. ढालीचा जितका अंश उरला असेल त्याचे वर्गमूळ घ्यावे, त्यातून तो अंश वजा करावा. उरलेल्या संख्येस ढालीच्या एकूण साठ्याच्या दहापटीने गुणावे आणि भरण्याच्या काळाने भागावे. समजा, साठा ४००० आहे व काळ १००० सेकंद आहे. म्हणजे ४० ने गुणावयाचे. पाव ढाल उरली असता वर्गमूळ अर्धा, त्यातून पाव वजा, राहिला पाव. तेव्हा वेग सेकंदास १०. ढाल ८१ टक्के असता ०.९ मधून ०.८१ गेले, राहिले ०.०९, आणि वेग फक्त ३.६. आणि १ टक्का ढाल उरली असतानाही वेग तोच, ३.६! वर्गमूळास ‘क्ष’ म्हटले तर हे क्ष वजा क्षचा वर्ग एवढेच आहे, आणि त्याचे महत्तम मूल्य क्ष अर्धा असता येते हे दहावीच्या कोणत्याही विद्यार्थ्यास काढता येईल.

आमच्या एका वर्गबंधूस याचा अनुभव आला. आकडे येथे आम्ही सोपे करून घेतले आहेत. घडले ते असेच. तो ‘ड्रेक’ जातीची नौका चालवीत होता. ढालीवर विसंबणारी नौका म्हणून ती पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. तीन शत्रू तिच्यावर मारा करीत होते, आणि अडवून उरलेला मारा प्रत्येकाचा सेकंदास २.८, म्हणजे एकूण ८.४ होता. ढाल उतरू लागली. पण ती जसजशी उतरे तसतसा भरण्याचा वेग वाढे, आणि ४९ टक्क्यांवर तो वेगही ८.४ झाला. काटा थांबला. अर्धा तास असेच चालले असते तरी नौकेस काही झाले नसते. इतक्यात चौथा शत्रू आला. आता मारा ११.२, आणि ढाल जास्तीत जास्त देऊ शकते १०.

आईने जेवावयास हाक मारली. पडद्याकडे पाहता काटा पुन्हा फार सावकाश हलत होता, जणू थांबतच आहे. आमचा मित्र उठला. आम्ही नंतर फळ्यावर हिशेब मांडला तेव्हा दिसले की, ३६ टक्क्यांपासून १६ टक्क्यांपर्यंत उतरावयास ढालीस सुमारे दहा मिनिटे लागतात, कारण तेथे मारा आणि भरणे यांत थोडेच अंतर असते. पुढचे १६ टक्के मात्र साडेतीन मिनिटांत जातात. पाव ढालीच्या खाली भरण्याचा वेगच घटू लागतो, म्हणून जितकी ढाल कमी तितकी ती लवकर सरते. जेवणाआधी पाहिलेल्या त्या संथ काट्याने त्यास फसविले. पळून जाण्यास तोवर भरपूर अवकाश होता.

चिलखताने व सांगाड्याने आणखी काही मिनिटे दम धरला. तो हात धुऊन परतला तेव्हा नौकेच्या जागी फुटके तुकडे तरंगत होते. तशीच दुसरी ‘ड्रेक’ सर्व साधनांसह उभी करावयास त्यास सात आठवडे लागले. आणि तिच्या ढालीचा काटा २५ वर कोठे येतो ते दाखविणारी तांबडी रेघ त्याने पडद्याच्या कडेस कागदावर काढून डकविली आहे.