घरबसल्या गेलेली नोकरी – भाग ५ : तोंडओळख

लॅपटॉप परत पाठवायचा होता. कुरिअरवाला कंपनीने पाठवला, खोका मात्र माझा मलाच शोधायचा होता. साडेतीन वर्षांपूर्वीचा मूळ खोका आईने केव्हाच रद्दीवाल्याला दिलेला. शेवटी मिक्सरच्या खोक्यात जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्या घालून लॅपटॉप बसवला आणि वरून चिकटपट्टी मारली. कुरिअरवाल्याने खोका हलवून पाहिला. “मिक्सर हाय काय?” मी हो म्हणालो. राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीला माझी नोकरी कधी दिसलीच नव्हती, त्यामुळे ती गेलेलीही दिसली नाही.

मागच्या दोन भागांत पैशांचं पाहिलं. नोटिशीचा पगार, पीएफ, नोकरीबरोबरच संपणारा कंपनीचा मेडिक्लेम. आज माणसांचं पाहू.

त्या संध्याकाळी सहकाऱ्यांना कळवावं म्हणून फोन हातात घेतला. चाळीसेक जणांबरोबर रोजचं काम, पण सगळं बोलणं कंपनीच्या चॅटवर, आणि ते चॅट एचआरचा कॉल संपायच्या आत बंद झालेलं. फोनमध्ये नंबर निघाले तीन. एक एचआरचा. एक मॅनेजरचा; त्याचीही नोकरी त्याच दिवशी गेली होती. तिसरा पुण्यातल्या एका टेस्टरचा. त्याला मी कधीतरी चप्पल लाइनमधून कोल्हापुरी चपला घेऊन पाठवल्या होत्या, तेवढ्यापुरता घेतलेला.

ऑफिसात जाणाऱ्या माणसाचं असं होत नाही. कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसणारा, टपरीवर चहा पिताना भेटणारी दुसऱ्या मजल्यावरची बाई, लिफ्टमध्ये ‘काय, आज लवकर?’ म्हणणारा अकाउंट्सवाला. यांच्याशी मैत्री नसते, तोंडओळख असते. रिमोट कामात मीटिंग ठरवल्याशिवाय कुणी भेटत नाही. आपल्या टीममधल्या आठ जणांची मुलंबाळं, मांजरं, भिंतीवरची घड्याळं सगळी पाठ होतात आणि नवव्या माणसाचं नावही कळत नाही.

या तोंडओळखीवर समाजशास्त्रात एक गाजलेला लेख आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी अमेरिकेत बोस्टनजवळच्या न्यूटन इथे, नुकती नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं, की ज्याच्याकडून नोकरीचं कळलं तो माणूस तुम्हाला तेव्हा कितीदा भेटायचा? आठवड्यातून निदान दोनदा भेटणाऱ्याकडून कळलेले १७ टक्के. अधूनमधून भेटणाऱ्याकडून ५५ टक्क्यांच्या वर. उरलेल्या २८ टक्क्यांचा माणूस वर्षातून एकदा भेटला तर भेटला. पाहणी लहान होती, पण १९७३ साली छापून आलेल्या त्या लेखाने पुढच्या संशोधनाची दिशाच ठरवली. (आधी दुसऱ्या एका नियतकालिकाने तो साभार परत केला होता. नोकरी शोधणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.)

कारण साधं आहे. जवळच्या माणसांना जे ठाऊक असतं ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं. त्यात रिमोट टीम एका झटक्यात जाते तेव्हा ती आठही माणसं त्याच चार जाहिरातींवर अर्ज टाकत बसतात. नवी बातमी येते ती दुसऱ्या वर्तुळातून.

२०२२ मध्ये ‘सायन्स’मध्ये लिंक्डइनवरचा एक अभ्यास आला. पाच वर्षं, २ कोटींहून जास्त माणसं. त्यातही तोंडओळखीचंच पारडं जड निघालं. मात्र ओळख विरत विरत नावापुरतीच उरली, की तिचा उपयोगही उतरणीला लागतो. मला जास्त महत्त्वाची वाटली ती दुसरी गोष्ट. संगणकावर चालणाऱ्या धंद्यांत तोंडओळख कामी येते, इतर धंद्यांत घट्ट ओळख. ती खरी असल्याचं मला माझ्याच वहीत दिसलं.

वही म्हणजे शंभर पानी, आईच्या किराण्याची. मागच्या पानापासून नावं लिहायला घेतली. आधीच्या कंपनीतले, कॉलेजच्या प्रोजेक्टमधले, क्लायंटकडचा एकदाच बोललेला माणूस. रोज पाच जणांना लिहायचं. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना एकच मजकूर धाडला : ‘काही ओपनिंग असेल तर सांगा.’ उत्तरं आली दोन, दोन्ही अंगठ्याची चित्रं. मग पद्धत बदलली. आपण एकत्र काय केलं होतं त्याची एक ओळ, आता कुठलं काम शोधतोय त्याची एक ओळ, आणि समोरच्याला सहज उत्तर देता येईल असा एक प्रश्न : ‘तुमच्याकडे पेमेंटचं काम कुठली टीम बघते?’ आता माणसं बोलायला लागली. हात पसरल्यासारखं वाटतं, मलाही वाटलं. पण बऱ्याच आयटी कंपन्या माणूस सुचवणाऱ्याला रेफरल बोनस देतात; आपलं नाव पुढे करणारा निव्वळ उपकार करत नसतो.

पहिलं काम मात्र वहीतून आलंच नाही. आईकडून कळल्यावर शाळेतला मित्र थेट घरी आला. त्याची शिरोली एमआयडीसीत फाउंड्री. बाद झालेल्या कास्टिंगचा हिशेब तिथे रजिस्टरमध्ये ठेवत होते, तेही तीन शिफ्टच्या तीन अक्षरांत. कुठल्या पार्टला ब्लो होल जास्त, कुठल्या दिवशीची वाळू ओली होती, सगळं लिहिलेलं, पण महिनाअखेरीशिवाय कुणी बेरीज करत नव्हतं. मी एक छोटा प्रोग्रॅम करून दिला. पैसे जुन्या पगाराच्या मानाने किरकोळ. पण बायोडेटात नोकरी संपल्याच्या तारखेखाली काहीतरी लिहायला मिळालं, आणि साडेतीन वर्षांत पहिल्यांदा माझं काम वापरणारा माणूस माझ्यासमोर उभा राहून शिव्या देत होता. या बिलांवरच्या कराचं पुढच्या शनिवारी.

चौथ्या महिन्यात टेस्टरचा फोन आला. तो आता दुसऱ्या कंपनीत होता, शेजारच्या टीमला माझ्यासारखा माणूस हवा होता. आमचं दोघांचं बोलणं साडेतीन वर्षांत सगळं मिळून तासभरही झालं नसेल. त्याने मेल आयडी घेतला, बायोडेटात काय वर आणायचं ते सांगितलं, मॅनेजर कुठल्या प्रश्नावर अडून बसतो तेही सांगितलं. फोन ठेवता ठेवता म्हणाला, “आणि हो, आठ नंबरात मिळतील का? भावासाठी हव्यात. मागच्या वेळच्या फार करकरत नाहीत, त्याला करकरणाऱ्याच पाहिजेत.”