वसईच्या किल्ल्यातील दोन विधवा आणि अर्ध्या वाट्याचा कायदा

वसईच्या किल्ल्यात जेझुइट पंथीयांच्या जुन्या चर्चमधील दोन थडग्यांच्या शिळांवर दोन स्त्रियांची नावे कोरलेली आहेत. पहिली इझाबेल द आगियार, निधन २४ जानेवारी १५९१. दुसरी फिलिपा द फोन्सेका, निधन २० जुलै १६२८. मुंबईचे डॉक्टर व इतिहास-अभ्यासक जर्सन द कुन्हा यांनी १८७६ साली चौल आणि वसईच्या पुरातन अवशेषांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हापासून हे लेख अभ्यासकांना परिचित आहेत. इझाबेल ही विधवा असून येथील विद्यालयाची थोर आश्रयदाती होती, असे पहिली शिळा सांगते. फिलिपाही विधवाच. तिने आपल्या हयातीतच आपले सर्वस्व या चर्चला अर्पण केले, असे दुसऱ्या शिळेवर नमूद आहे.

दानाचे मोल जाणणाऱ्या व्यापारी कुटुंबांना या मजकुरात विशेष नवल वाटणार नाही. देरासराच्या आणि धर्मशाळेच्या भिंतीवर देणगीदारांच्या नावांच्या पाट्या सर्वांनीच वाचलेल्या असतात. परंतु हिशेब ठेवणाऱ्या माणसाच्या मनात येथे एक प्रश्न उभा राहतो. दान आपल्या मालकीच्या वस्तूचेच करता येते. चारशे वर्षांपूर्वीच्या वसईत एका विधवेजवळ स्वतःचे म्हणावे असे ‘सर्वस्व’ आले कोठून?

त्याचे उत्तर मध्ययुगीन पोर्तुगालच्या विवाहविषयक रूढीत आहे. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातच्या सुलतान बहादूरशाहाने तहान्वये वसई पोर्तुगीजांना दिली. तोफा आणि पाद्री यांच्याबरोबर त्यांचा कायदाही या किनाऱ्यावर उतरला. त्या कायद्याने, वेगळा करार केलेला नसेल तर, लग्न होताच पती-पत्नीची मिळकत एक होत असे आणि त्या मिळकतीत दोघांचा निम्मा-निम्मा हिस्सा असे. ही चाल पोर्तुगालात जुनी होती. राजा मानुएलच्या १५२१ च्या संहितेत ती सर्वसाधारण नियम म्हणून नोंदली गेली. पतीच्या निधनानंतर विधवेचा अर्धा भाग तिच्याकडेच राहत असे आणि उरलेल्या अर्ध्याचीच वारसांत वाटणी होई. त्या वाटणीतही मुलगा आणि मुलगी यांचे हिस्से समान असत. काही उमराव घराण्यांच्या राखीव मिळकती मात्र थोरल्या मुलाकडेच जात.

या कायद्यातील आणखी एक तरतूद कर्जव्यवहार पाहिलेल्या कोणालाही चटकन पटेल. पत्नीच्या संमतीवाचून पतीला स्थावर मिळकत विकता येत नसे. आज घर तारण ठेवताना बँक दोघांच्या सह्या मागते आणि एखादा कर्जदार कुरकुरतो, “तिची सही कशाला?” त्या काळच्या पोर्तुगीज लेखनिकाने हा प्रश्न ऐकूनही घेतला नसता.

मात्र या चित्रात फार रंग भरू नयेत. मिळकतीचा अर्धा भाग पत्नीचा असला, तरी पती हयात असेपर्यंत कारभार त्याच्याच हाती असे. आपल्या वाट्याचा विनियोग स्वेच्छेने करण्याची मोकळीक तिला बहुधा वैधव्यानंतरच मिळे. किल्ल्यातील दोन्ही दानशूर स्त्रिया विधवा आहेत, हा योगायोग मानता येत नाही.

वसई ही पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताची राजधानी होती. या प्रांतातील गावे ठरावीक वार्षिक खंडावर, पुष्कळदा तीन पिढ्यांच्या मुदतीने, पोर्तुगीज घराण्यांना दिली जात. या खंडाला ‘फोरो’ म्हणत. मुंबईच्या फोरास रोडच्या नावात हा शब्द अजून टिकून आहे. अशी गावे स्त्रियांच्या नावेही असत. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून पोर्तुगालहून निराधार कुलीन मुली राजाच्या खर्चाने गोव्यास पाठवल्या जात आणि त्यांना हुंडा म्हणून सरकारी पद किंवा जमीन मिळे. पद मुलीच्या नावे, कारभार जावयाचा, असा तो प्रकार. राजाच्या दृष्टीने यात मुलींच्या कल्याणापेक्षा वसाहत टिकवण्याचा हेतू अधिक होता, हे उघडच आहे.

मुंबईचे हस्तांतर हा याच मालिकेतील प्रसंग. बेट हुंड्यात गेले, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. १६६१ च्या करारान्वये ब्रागांझाच्या कॅथरिनच्या विवाहानिमित्त पोर्तुगालने ते इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिले. परंतु फेब्रुवारी १६६५ मध्ये हम्फ्री कुक याने प्रत्यक्ष ताबा घेतला तो एका स्त्रीच्या वाड्यात, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. तो वाडा दोना इनेस द मिरांडा हिचा होता. दों रोद्रिगो द मोन्सांतो याची ही विधवा ‘बेटाची मालकीण’ म्हणून ओळखली जाई. एका राजकन्येच्या हुंड्याचा दस्त दुसऱ्या स्त्रीच्या घरी झाला आणि बेट एका कायद्याच्या छायेतून निघून अगदी निराळ्या कायद्याच्या छायेत गेले.

इंग्लंडचा कायदा निराळा होता. तेथे विवाहानंतर पत्नीचे कायदेशीर अस्तित्वच पतीत विलीन झाले असे मानत. तिची रोकड, दागिने, सामानसुमान पतीचे होई आणि जमिनीचे उत्पन्नही त्याच्याकडे जाई. विधवेला सामान्यतः पतीच्या जमिनीच्या एक-तृतीयांश भागाचा हयातीपुरता उपभोग मिळे. विवाहित स्त्रीला स्वतःची मिळकत स्वतंत्रपणे बाळगण्याचा पुरा अधिकार इंग्लंडमध्ये १८८२ साली मिळाला. म्हणजे ‘मध्ययुगीन युरोपातील स्त्री’ अशी एकच स्त्री नव्हतीच. लंडनसारख्या शहरात तर विवाहिता स्वतंत्र व्यापारी म्हणून दुकान चालवू शके. मग देणे-घेणेही तिचेच मानले जाई. जर्मनीतील कोलोन शहरात १३९७ मध्ये सूत बनवणाऱ्या स्त्रियांचा आणि १४३७ मध्ये रेशीम विणणाऱ्या स्त्रियांचा स्वतंत्र व्यवसायसंघ मान्य झाला. कारागीर पत्नी, तिच्या हाताखाली शिकाऊ मुली आणि माल विकणारा पती, अशी जोडी तेथे सर्रास आढळे. पेढीवर आणि घरी कामाची वाटणी झालेल्या कुटुंबांना ही रचना परकी वाटू नये.

या हक्कांना दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून चालणार नाही. इनेसच्या किंवा फिलिपाच्या उत्पन्नामागे भात पिकवणाऱ्या कुळांचे श्रम होते. त्या कुळांतील स्त्रीच्या वाट्याला वाटणी करण्याजोगे काही नव्हते. पोर्तुगिजांच्या घरांत गुलाम स्त्रिया राबत. १५५९ च्या एका राजाज्ञेने गोव्यातील हिंदू विधवांना आणि मुलींना, पुत्र नसल्यास, वारसा देऊ केला. अट अशी की त्यांनी ख्रिस्ती व्हावे. हक्काचेच आमिष झाले.

आपल्याकडील स्थितीही नोंदण्याजोगी आहे. १८७८ साली प्रिव्ही कौन्सिलने शिवसिंग राय विरुद्ध डाखो या खटल्यात अगरवाल जैनांची रूढी मान्य केली. निपुत्रिक जैन विधवेला पतीच्या स्वतंत्र मिळकतीवर पूर्ण हक्क असून पतीच्या अनुमतीविना ती दत्तक घेऊ शकते, असा तो निर्णय होता. अन्य हिंदू विधवेला त्या काळी हयातीपुरताच मर्यादित हक्क असे. तो १९५६ च्या वारसा कायद्याने पूर्ण झाला. हा कायदा जैनांनाही लागू आहे आणि २००५ च्या दुरुस्तीने मुलगी एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः सहहिस्सेदार झाली. तरीही वडिलांच्या पश्चात हक्कसोडपत्रावर बहिणींच्या सह्या घेण्याची घाई किती घरांत होते, हे दुय्यम निबंधकांच्या कचेरीत अर्धा दिवस बसल्यास दिसते.

मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या सैन्याने वसई घेतली. पोर्तुगीज कुटुंबे जंगम चीजवस्तू घेऊन निघून गेली. गावे मागे राहिली आणि अर्ध्या वाट्याचा कायदाही येथून गेला. गोव्यात मात्र तो राहिला. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून तेथे लागू झाली आणि गोवा मुक्त झाल्यावरही चालू राहिली. तिच्यासाठी १९६१ च्या आयकर कायद्यात पुढे कलम ५अ घालावे लागले. या नियमानुसार गोव्यातील अशा दांपत्याचे घरभाडे, व्याज किंवा दुकानाचा नफा दोघांच्या विवरणपत्रांत निम्मा-निम्मा दाखवला जातो. पगार तेवढा ज्याचा त्याच्याकडे राहतो.