"मी नेव्हीत असताना..."

मागच्या निवडणुकीच्या वेळी आमच्या टाउन कौन्सिलसाठी उभे असलेले एक गृहस्थ शनिवारी सकाळी दारात आले. आमच्या कोपऱ्यावरचे गटार जोराचा पाऊस झाला की तुंबते आणि पाणी शेजाऱ्यांच्या बेसमेंटमध्ये शिरते, म्हणून मी त्यांना त्याबद्दल विचारले. उत्तराची सुरुवात "मी नेव्हीत असताना..." अशी झाली. जहाजात पाणी शिरले तर कोणी कुठे धावायचे, कोणता दरवाजा आधी बंद करायचा, हे त्यांनी फार छान समजावून सांगितले. गटाराचे मात्र राहूनच गेले. ते गेल्यावर बायको म्हणाली, "तुम्ही गटाराचं विचारलंत ना? मग हे बोटीवर कसे जाऊन बसले?" तरीही त्यांनी दिलेला कागद आम्ही टाकून दिला नाही. फ्रिजवर लावला.

अमेरिकेत येऊन बरीच वर्षे झाली तरी इथल्या पुढाऱ्यांची ही सवय आपल्याला थोडी विचित्र वाटते. विषय शाळेचा असो, टॅक्सचा असो की विम्याचा, बोलता बोलता स्वारी एकदम पलटणीत जाते. पण जरा आठवून पाहिले तर आपल्याकडेही असेच होते, फक्त जागा वेगळी होती. आपल्या लहानपणीचे पुढारी "मी येरवड्याला असताना" असे सांगत, आणि येरवडा म्हणजे तुरुंग हे कोणाला समजावून द्यावे लागत नसे. १९६२ साली यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले तेव्हा ते स्वतः कधी सैन्यात होते का, हा प्रश्न कोणाला महत्त्वाचा वाटला नाही. बेचाळीसच्या चळवळीत ते भूमिगत होते, तेवढे पुरे होते. १९७२ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट मिळाले. आणीबाणीत तुरुंगात गेलेल्यांनी पुढे तोच मान मागितला आणि २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यांना मानधनही सुरू केले. ज्या देशाची घडण ज्या त्यागातून झाली असे लोक मानतात, तो त्याग तिथे दाखला म्हणून चालतो. आपल्याकडे तुरुंग, इथे युनिफॉर्म.

पण इथे हा दाखला पूर्वी इतका मिरवावा लागत नसे. १९४५ पासून १९९३ पर्यंतचे सगळे राष्ट्राध्यक्ष, म्हणजे ट्रुमनपासून थोरल्या बुशपर्यंत, कधी ना कधी गणवेशात होते. ज्या पिढीत घराघरातून कोणी ना कोणी लढाईवर गेले होते, तिथे "मीही गेलो होतो" याचे कौतुक ते काय! जॉन केनेडींची पीटी-१०९ ही बोट १९४३ मध्ये जपानी विनाशिकेने कापली आणि त्यांनी आपली माणसे वाचवली. तुम्ही वीर कसे झालात, असे विचारल्यावर त्यांचे उत्तर साधारण असे होते, की माझा काही इलाज नव्हता, त्यांनी माझी बोट बुडवली. (अर्थात १९६० च्या प्रचारात त्याच बोटीच्या आकाराच्या टायपिना वाटल्या गेल्या, हेही खरे. विनय आणि टायपीन हातात हात घालून चालत होते.) बॉब डोल यांचा उजवा हात १९४५ मध्ये इटलीत निकामी झाला. लोकांनी शेकहँडसाठी तो हात धरू नये म्हणून ते त्यात पेन ठेवत. ते पेन पाहिले की सांगण्यासारखे काही उरत नसे. याच्या उलट लिंडन जॉन्सन. काँग्रेसमन असताना १९४२ मध्ये त्यांनी निरीक्षक म्हणून एका विमानातून एकच लढाऊ फेरी केली, त्याबद्दल सिल्व्हर स्टार मिळाला, आणि त्याची पिन ते पुढे आयुष्यभर कोटावर लावत.

१९७३ मध्ये सक्तीची भरती बंद झाली आणि चित्र बदलले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला काँग्रेसमधले दहापैकी सातांहून जास्त सभासद माजी सैनिक होते. आता ते पाचात एकाहूनही कमी आहेत. नाणे दुर्मिळ झाले की त्याचा भाव वाढतो. आता ज्याच्याजवळ ते आहे तो खिशात वाजवत फिरतो.

मग या नाण्याने निवडणूक जिंकता येते का? तर नाही! १९९२ मध्ये युद्धात विमान पाडले गेलेले बुश हरले आणि व्हिएतनामची भरती चुकवल्याचा आरोप असलेले क्लिंटन जिंकले. १९९६ मध्ये डोल हरले. २००० मध्ये व्हिएतनामला जाऊन आलेले अल गोर हरले आणि टेक्सासच्या एअर नॅशनल गार्डमधले धाकटे बुश निवडून आले. २००४ मध्ये जॉन केरी यांनी अधिवेशनात सॅल्यूट ठोकून "ड्यूटीवर हजर आहे" असे सांगितले, आणि महिनाभरात त्यांच्या पदकांवरच शंका घेणाऱ्या जाहिराती टीव्हीवर झळकू लागल्या. २००८ मध्ये मॅकेन हरले. सलग पाच वेळा ज्याची लष्करी कामगिरी मोठी, तोच पडला.

माझ्या समजुतीप्रमाणे या दाखल्याचे काम मते मिळवणे हे नाहीच. त्याचे काम समोरच्याचा प्रश्न बंद करणे हे आहे. आम्ही कॉम्प्युटरवाले रोज पासवर्डशी खेळतो. पासवर्ड बरोबर पडला की यंत्र पुढे काही विचारत नाही. "तू आमच्यातला का?" या प्रश्नाला सैन्यसेवा हा इथला पासवर्ड आहे. याचे सगळ्यात स्वच्छ उदाहरण १९८२ चे. जॉन मॅकेन ॲरिझोनातून काँग्रेससाठी उभे होते आणि त्या राज्यात येऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते. तुम्ही उपरे, असे लोक वारंवार म्हणू लागले. आजोबा आणि वडील दोघेही नौदलात ॲडमिरल, स्वतः नौदलात, त्यामुळे एका गावात राहणे नशिबात नव्हते, हे त्यांनी सांगितले आणि शेवटी म्हणाले की, विचार केला तर आयुष्यात सगळ्यात जास्त काळ मी ज्या एका गावी राहिलो ते हनोई. साडेपाच वर्षे ते उत्तर व्हिएतनामच्या कैदेत होते. यावर कोण काय बोलणार? उपरेपणाचा मुद्दा तिथेच संपला आणि ते निवडून आले.

पण पासवर्ड वारंवार उघड्यावर टाइप केला की त्याचे तेज जाते. २००७ च्या एका डिबेटमध्ये वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवाचा विषय निघाला, तेव्हा मॅकेननी आपण त्या वेळी "बांधलेले" होतो असे म्हटले. सभागृह उभे राहिले. पुढच्याच वर्षी, तुमची घरे किती या प्रश्नावर त्यांनी टीव्हीवर पुन्हा तुरुंगाची कोठडी काढली, तेव्हा लोक हसले. कोठडी तीच, यातनाही खऱ्या. फक्त प्रश्न घरांचा होता.

दुसरा धोका व्याकरणाचा. कनेटिकटचे रिचर्ड ब्लूमेंथॉल व्हिएतनामच्या काळात मरीन रिझर्व्हमध्ये होते, पण काही भाषणांत ते "व्हिएतनाममध्ये" होतो असे बोलून गेले. २०१० मध्ये हे वर्तमानपत्रात आले. "च्या काळात" आणि "मध्ये" यांच्यात एक समुद्र आहे. (तरी ते त्याच वर्षी सिनेटवर निवडून आले.) टिम वॉल्झ चोवीस वर्षे नॅशनल गार्डमध्ये होते, पण प्रत्यक्ष लढाईत कधी नव्हते. आपण युद्धात शस्त्र वाहिल्याचे त्यांचे एक जुने वाक्य २०२४ मध्ये बाहेर आले, तेव्हा आपली पत्नी इंग्रजीची शिक्षिका आहे आणि तिच्या मते आपले व्याकरण नेहमी बरोबर नसते, असे त्यांना सांगावे लागले.

हे सगळे गमतीचे. आपल्यासारख्यांना चटका लावणारी बाजू वेगळी आहे. उपरा ठरवल्या गेलेल्या माणसाने हाच पासवर्ड दिला तर तो चालतो का?

भगतसिंग थिंद पंजाबातून १९१३ मध्ये इथे आले, ओरेगनच्या लाकूड गिरण्यांत राबले, १९१८ मध्ये पगडीसह अमेरिकन सैन्यात भरती झाले आणि सन्मानाने बाहेर पडले. १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की हा माणूस "गोरा" नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. पुढे १९३५ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांसाठी कायदा झाला आणि १९३६ मध्ये थिंद यांना नागरिकत्व मिळाले. म्हणजे तोच दाखला अठरा वर्षांनी वटला.

हवाईचे डॅनियल इनोये जपानी वंशाचे. पर्ल हार्बरनंतर त्यांच्या समाजाला शत्रूच्या यादीत टाकले गेले होते. तरी ते सैन्यात गेले आणि एप्रिल १९४५ मध्ये इटलीत त्यांचा उजवा हात गेला. १९५९ मध्ये काँग्रेसमध्ये शपथविधी होता. सभापती सॅम रेबर्न यांनी रिवाजाप्रमाणे सांगितले, उजवा हात वर करा. इनोयेंनी डावा वर केला. सभागृह गप्प झाले. ही हकीकत पुढे एका सहकारी काँग्रेसमनने सांगितली.

हे जुने झाले म्हणावे, तर २०१६ घ्या. इलिनॉयच्या सिनेट डिबेटमध्ये टॅमी डकवर्थ म्हणाल्या की माझे घराणे क्रांतियुद्धापासून या देशासाठी लढत आले आहे. त्यांची आई थायलंडची, वडिलांचे घराणे अमेरिकन. स्वतः डकवर्थ यांचे दोन्ही पाय २००४ मध्ये इराकमध्ये हेलिकॉप्टरवर हल्ला झाला तेव्हा गेले. प्रतिस्पर्धी मार्क कर्क यांनी उत्तर दिले की तुमचे आईवडील थायलंडहून थेट जॉर्ज वॉशिंग्टनच्या सेवेला आले होते, हे मी विसरलोच होतो. कर्क स्वतः नौदलाच्या राखीव दलात अधिकारी होते. त्यांनी माफी मागितली आणि निवडणूकही हरले. पण दोन पाय दिलेल्या बाईच्या चेहऱ्याकडे पाहून तो विनोद सुचला, हे माझ्या मनातून जात नाही.

नागरिकत्वाची शपथ घेतलेल्या वाचकांना आठवत असेल, कायद्याने सांगितले तर देशासाठी शस्त्र हाती घेईन, असे एक वाक्य त्यात असते. मी ते चाळिशीत, चष्मा आणि कंबरेचा पट्टा लावून म्हटले, तेव्हा शेजारचा मेक्सिकन गृहस्थ आणि मी एकमेकांकडे पाहून हसलो होतो. गेल्या वर्षी मुलाला अठरा पूर्ण झाली आणि त्याने सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये नाव नोंदवले. १९८० पासून इथल्या मुलग्यांना ते करावे लागते. आईने फोनवर विचारले, "म्हणजे लढाईवर जायचं?" नाही ग, नुसते नाव, भरती बंद आहे, असे मी सांगितले. काही दिवसांनी त्याचे कार्ड पोस्टाने आले. नेव्हीवाल्या गृहस्थांचा कागद अजून फ्रिजवर होता, तिथे जागाही होती. बायकोने कार्ड उचलले आणि आतल्या खोलीत नेऊन पासपोर्टांच्या फाइलमध्ये ठेवून दिले.