उतारवयातील आकाशदर्शन : गच्चीची किल्ली आणि एक आरामखुर्ची

नाशिकच्या द्वारका चौकात रात्र पुरती काळोखी कधीच होत नाही. मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता येथे एकत्र येतात. उड्डाणपुलावरचे दिवे, दुकानांच्या पाट्या आणि वाहनांची अखंड रांग यांचा उजेड आसपासच्या इमारतींच्या गच्चीपर्यंत पोहोचतो. अशा ठिकाणी राहणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या माणसाला तारे पाहण्याचा छंद सुचवला, तर पहिले उत्तर ठरलेले असते : 'इथून काय दिसणार? आणि आता या वयात?'

या दोन्ही शंका निराधार नाहीत. शहराच्या उजेडामुळे मंद तारे आणि आकाशगंगेचा पट्टा दिसेनासा झाला आहे, आणि वयाबरोबर दृष्टीही बदलते. तरीही चंद्र, ग्रह आणि ठळक तारे यांना द्वारकेच्या दिव्यांनी फारसे बिघडवलेले नाही. वयाच्या अडचणींवरही साधे उपाय आहेत. मात्र ते वेळीच ठाऊक व्हायला हवेत. अन्यथा संध्याकाळच्या जेवणानंतर पहाटेपर्यंतचे लांबलचक तास केवळ झोपेची वाट पाहण्यात जातात.

ओळख जुनीच आहे

मराठी घरांतील ज्येष्ठांना आकाश परके नाही. दर महिन्याच्या संकष्टीला दिनदर्शिकेत चंद्रोदयाची वेळ पाहून पूर्वेकडे डोळे लावून बसणे, हे एक प्रकारचे निरीक्षणच आहे. चंद्रोदय दररोज सरासरी पन्नास मिनिटांनी उशिरा होतो. म्हणूनच पौर्णिमेला सूर्यास्ताच्या सुमारास उगवणारा चंद्र वद्य चतुर्थीला रात्री नऊच्या आगेमागे दर्शन देतो. त्या वेळी नीट पाहिले, तर उगवत्या चंद्राची वरची कड किंचित झिजलेली दिसते. प्रकाश आणि अंधार यांच्या त्या सीमेवर सावल्या लांब पडतात आणि लहानशा द्विनेत्रीतूनही तेथील विवरे उठून दिसतात. उलट कोजागिरीचा पूर्ण चंद्र दुधात कितीही सुंदर दिसला, तरी सावल्यांअभावी द्विनेत्रीत सपाट भासतो. अर्पणाचे ताट हाती असताना आणखी दोन मिनिटे थांबले, तर हा फरक कोणालाही पडताळता येतो.

अरुंधतीचेही तसेच. लग्नात वधूवरांना दाखवला जाणारा हा तारा सप्तर्षींतील वसिष्ठाच्या अगदी जवळ आहे. तो वेगळा दिसतो का, ही दृष्टीची जुनी कसोटी मानली जाते. एप्रिल-मे महिन्यांत रात्री नऊच्या सुमारास उत्तरेला सप्तर्षी उंच आलेले असतात. पन्नास वर्षांपूर्वी भटजींनी बोट दाखवले तेव्हा जी अरुंधती 'दिसली' असे म्हणून मान डोलावली, ती आता द्विनेत्रीतून खरोखर पाहता येते.

डोळ्यांत काय बदलते?

अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते. तरुणपणी ती सात मिलिमीटरपर्यंत उघडते. सत्तरीनंतर अनेकांची पाच मिलिमीटरच्या पुढे जात नाही. द्विनेत्री घेताना हा आकडा उपयोगी पडतो. तिच्यावर ७×५०, ८×४० असे अंक असतात. पहिला अंक म्हणजे ती किती पट मोठे दाखवते, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ७×५० मध्ये ती सात मिलिमीटर असते, म्हणजे बाहुली पाच मिलिमीटरच उघडत असेल तर त्यातील बराच प्रकाश वाया जातो. ८×४० मध्ये ती नेमकी पाच भरते, वजनही कमी असते. थरथरणाऱ्या हातांसाठी याहून अधिक मोठे दाखवणारी द्विनेत्री न घेणेच बरे, कारण प्रतिमेबरोबर हाताची थरथरही तितक्याच पटीने वाढते.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांसाठी एक सुखद बाब आहे. वयोमानाने डोळ्यातील नैसर्गिक भिंग पिवळसर होत जाते आणि निळा प्रकाश अडवते. कृत्रिम भिंग बसवल्यावर तो पुन्हा मोकळेपणाने आत येतो. त्यामुळे व्याधासारखे निळसर-पांढरे तारे पूर्वीपेक्षा अधिक तेजस्वी भासल्याचा अनुभव अनेकांना येतो. चष्मा मात्र दूरच्या नजरेचा साधा असावा. दोन नंबरांच्या चष्म्यातून आकाश पाहताना मान अवघडते आणि पायऱ्या उतरताना अंदाज चुकतो. केवळ दूरचे न दिसण्याचा दोष असेल, तर तो द्विनेत्रीचे चाक फिरवून भरून काढता येतो.

अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात, उतारवयात त्याहूनही थोडी अधिक. त्या काळात मोबाइलचा पडदा एकदा जरी पाहिला, तरी सारी तयारी वाया जाते. विजेरीवर लाल कागद बांधला तर उजेडही मिळतो आणि सरावलेली नजरही टिकते.

पडण्याची भीती

घरच्यांची आणि वृद्धाश्रम चालवणाऱ्यांची खरी चिंता ताऱ्यांची नसते, पायऱ्यांची असते. ती रास्त आहे. या वयातील पडणे अनेकदा पुढचे चालणे-फिरणेच हिरावून घेते. म्हणून गच्चीवर दिवस मावळण्यापूर्वीच जावे, सोबतीला कोणीतरी असावे, कठडा आणि जिन्याचा हातधरा भक्कम असावा. उभे राहून मान मागे टाकण्याऐवजी आरामखुर्चीत पाठ टेकून पाहावे आणि कोपरे खुर्चीच्या हातांवर ठेवावीत. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी उठताना घाई करू नये. द्विनेत्री सूर्याकडे कधीही, क्षणभरही वळवू नये.

ज्यांना जिना चढवत नाही, त्यांच्यासाठी खिडकी आहे, आणि खिडकीला कमी लेखण्याचे कारण नाही. इंग्लंडमधील निवृत्त शिक्षक जॉर्ज अल्कॉक यांनी २५ मार्च १९९१ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, घराच्या बंद खिडकीच्या दुहेरी काचेतून १०×५० द्विनेत्रीने पाहताना शौरी तारकासमूहात एक नवतारा शोधला. त्यांनी वर्षानुवर्षे हजारो ताऱ्यांच्या जागा पाठ केल्या होत्या. त्यामुळे आलेला 'पाहुणा' त्यांना लगेच ओळखू आला.

भारतातील उदाहरणही मोलाचे आहे. बंगालमधील जेसोरच्या सरकारी खजिन्यात नोकरी करणारे राधागोविंद चंद्र हे कोणत्याही विद्यापीठातील खगोलशास्त्रज्ञ नव्हते. रूपविकारी ताऱ्यांची तेजस्विता नोंदवून ती अमेरिकेतील निरीक्षकांच्या संस्थेकडे पाठवण्याचे काम त्यांनी १९५४ पर्यंत, म्हणजे पंच्याहत्तरी गाठेपर्यंत केले. निवृत्ती, फाळणी आणि स्थलांतर यांनीही ते थांबले नाही.

कॅरोलिन हर्शेल यांची अडचण तर द्वारकेच्या रहिवाशांना आपलीशी वाटेल. भाऊ विल्यम यांच्या निधनानंतर १८२२ मध्ये त्या जर्मनीतील हॅनोव्हरला परतल्या, तेव्हा शहरातील उंच घरांनी त्यांचे आकाश अडवले होते. त्यांनी भावाच्या निरीक्षणांवरून तेजोमेघांची सूची पूर्ण करण्याचे काम हाती घेतले, आणि १८२८ मध्ये, सत्त्याहत्तराव्या वर्षी, त्यांना रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले.

द्वारकेतून काय पाहावे?

नाशिक सुमारे वीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून ध्रुवतारा येथे क्षितिजापासून वीस अंशांवर दिसतो. हात सरळ पुढे धरून मिटलेली मूठ साधारण दहा अंश मापते. पंचवटीच्या बाजूला, उत्तर क्षितिजावर अशा दोन मुठी ठेवल्या की ध्रुव सापडतो. डिसेंबरात रात्री आठ-नऊला पूर्वेच्या खिडकीतून मृग वर येताना दिसतो. त्यातील तांबूस काक्षी आणि निळसर राजन्य यांच्या रंगांतील फरक नुसत्या डोळ्यांनीही कळतो. काक्षी २०१९ च्या अखेरीपासून २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत बराच मंदावला होता, आणि तो बदल कोणत्याही उपकरणाविना जाणवत होता. फेब्रुवारीच्या पूर्वार्धात रात्री नऊ-साडेनऊला दक्षिणेच्या खिडकीत, क्षितिजापासून पावणेदोन मुठींवर, अगस्त्य चमकतो. लंडनमधील मुलाला किंवा मुलीला हा तारा तेथून कधीच दिसत नाही. फोनवर सांगायला एवढी एक गोष्ट पुरे आहे.

गुरू आकाशात असेल तेव्हा स्थिर धरलेल्या द्विनेत्रीतून त्याचे चार मोठे चंद्र दिसतात. गॅलिलिओने १६१० मध्ये ते पाहिले. एका कागदावर मधोमध वर्तुळ काढून दोन्ही बाजूंना रोज ठिपके मांडत गेले, की आठवड्याभरात चंद्रांची प्रदक्षिणा वहीत उतरते. शनीची कडी पाहण्यास मात्र दुर्बीण हवी. त्यासाठी पुण्याची १९४४ पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था, हॅलेच्या धूमकेतूच्या काळात मुंबईत सुरू झालेले खगोल मंडळ अशा हौशी निरीक्षकांच्या संस्थांची परंपरा राज्यात आहे. नाशिक महापालिकेनेही शहरात यशवंतराव चव्हाण तारांगण उभारले आहे.

पहाटे चारलाच जाग येणे ही उतारवयाची नेहमीची तक्रार. आकाशाच्या हिशेबात तोच लाभ ठरतो. एकाच घड्याळी वेळेला दिसणारे आकाश दर महिन्याला दोन तासांनी पुढे सरकते. त्यामुळे ऑक्टोबरच्या मध्यात पहाटे पाचला जे तारे दिसतात, तेच फेब्रुवारीच्या मध्यात रात्री नऊला येतात. त्या वेळी द्वारकेची वाहतूकही थोडी ओसरलेली असते.

एक छोटी परवानगी

अनेक वृद्धाश्रमांत आणि सोसायट्यांत गच्चीला संध्याकाळी कुलूप लागते. ते कुलूप सुरक्षेसाठी असते. पण त्याबरोबर आकाशही बंद होते. महिन्यातून दोन संध्याकाळी, एक शुद्ध अष्टमीच्या आसपास आणि एक संकष्टीला, सोबतीसह ती किल्ली मिळाली, चार खुर्च्या वर नेल्या आणि एक द्विनेत्री हातोहात फिरली, तर खर्च फारसा होत नाही. पाऊस आणि ढगांचे चार महिने सोडले, तरी वर्षातून सोळा संध्याकाळी हाती लागतात.

१९८६ मध्ये हॅलेचा धूमकेतू पाहिलेले अनेकजण आज सत्तरी-ऐंशीत आहेत. तो पुन्हा २०६१ मध्ये येईल. ती भेट नातवंडांसाठी आहे. तो कुठे पाहिला, कोण बरोबर होते, हे त्यांना सांगण्यासाठी मात्र आजची संध्याकाळ आहे, आणि चंद्र वेळेवर उगवणारच आहे.