सारखे दिसणारे शब्द आणि त्यांची खरी नाती

एम, ओ, एस, टी. या चार अक्षरांचा शब्द इंग्रजीत 'सर्वांत जास्त' या अर्थाने येतो. झेक आणि पोलिश भाषांत त्याचा अर्थ पूल. जर्मन भाषेत तो द्राक्षांचा किंवा सफरचंदांचा ताजा रस, आणि ऑस्ट्रियात त्याच रसाचे मद्य. हंगेरीत त्याचा उच्चार 'मोश्त' होतो आणि अर्थ असतो 'आत्ता'. युरोपातल्या भाषा एकमेकींना चिकटून वाढल्या, तेव्हा हा शब्दही मुळात एकच असणार आणि गावोगाव फिरताना त्याचा अर्थ बदलत गेला असणार, असे सहज वाटते. तसे घडलेले नाही.

इंग्रजी 'मोस्ट' हा जुन्या जर्मानिक शब्दाचा वारस आहे. जर्मन 'मोस्ट' लॅटिनमधल्या 'मुस्तुम'वरून, म्हणजे ताज्या द्राक्षरसाच्या नावावरून आला. पुलाचा 'मोस्ट' स्लाव्ह लोकांचा. हंगेरियन शब्दाचा तर या तिघांपैकी कोणाशीच संबंध नाही, कारण ती भाषाच वेगळ्या कुळातली. बॉस्नियातल्या मोस्टार शहराचे नाव पुलाच्या राखणदारांवरून पडले आहे. नेरेत्वा नदीवरचा तिथला दगडी कमानीचा पूल 1566 मध्ये बांधून झाला, 1993 मध्ये युद्धात तोफांच्या माऱ्याने कोसळला आणि 2004 मध्ये पुन्हा उभा राहिला. त्याचे नाव 'स्तारी मोस्ट', म्हणजे सरळसरळ 'जुना पूल'. इंग्रजीच्या अंगाने या नावाचा अर्थ लावायला गेले तर हाती काहीच लागणार नाही.

फ्रेंचमधला 'पँ' म्हणजे पाव. लिहिताना मात्र तो हुबेहूब इंग्रजी 'पेन', म्हणजे वेदना, या शब्दासारखा लिहितात. पोटासाठी सोसाव्या लागणाऱ्या कष्टांतून भाकरीला हे नाव मिळाले असावे, अशी कल्पना कोणालाही सुचेल. पण फ्रेंच शब्द लॅटिन 'पानिस'वरून, म्हणजे भाकरीवरून आला आणि इंग्रजी शब्द 'पोएना'वरून, म्हणजे शिक्षेवरून. पूर्वीच्या इंडियन पीनल कोडमधला 'पीनल' याच 'पोएना'चा वंशज. दोन वेगळ्या लॅटिन शब्दांची झीज होता होता त्यांचे लेखन योगायोगाने एका ठिकाणी येऊन थांबले.

'पानिस'ची दुसरी शाखा थेट मराठीत पोचली आहे. पोर्तुगीजांनी त्याचे 'पांव' केले, 1510 मध्ये ते गोव्यात स्थिरावले आणि त्यांच्या भट्टीतला शब्द आपल्याकडे 'पाव' झाला. लादीचे चार भाग करतात म्हणून पाव, किंवा पीठ पायांनी तुडवतात म्हणून पाव, या दोन्ही गोष्टी मोठ्या विश्वासाने सांगितल्या जातात. दोन्ही चुकीच्या. 'पाव किलो'तला पाव संस्कृत 'पाद'वरून आला, चतुर्थांश या अर्थाने. खायच्या पावाशी त्याचे काही नाते नाही. 'पाव किलो पाव' म्हणताना आपण एका दमात दोन वेगळी कुळे उच्चारतो.

याच्या उलटही एक गैरसमज आहे. अर्थ टोकाचे विरुद्ध असतील तर शब्द सख्खे असणेच शक्य नाही, असे मानले जाते. इथे 'गिफ्ट' पाहावा. इंग्रजीत भेटवस्तू, जर्मनमध्ये विष. जर्मन दुकानात औषधी किंवा रासायनिक बाटलीवर हा शब्द दिसला तर ती भेट नव्हे, धोक्याचा इशारा आहे. तरीही हे दोन्ही शब्द एकाच आईची लेकरे आहेत. 'देणे' या अर्थाच्या जर्मानिक क्रियापदापासून दोन्ही बनले. ग्रीकमध्ये 'दोसिस' म्हणजे देणे, आणि त्यावरून वैद्याने दिलेली औषधाची मात्रा. इंग्रजीतला 'डोस' तोच. त्याच वळणावर जर्मन 'गिफ्ट' आधी दिलेली मात्रा आणि मग घातक मात्रा झाला, असे अभ्यासक मानतात. थेट विष म्हणण्यापेक्षा 'दिलेले' म्हणणे सौम्य वाटत असावे. मूळचा अर्थ जर्मनमध्ये पुरता पुसलेलाही नाही: हुंड्याला तिथे 'मिटगिफ्ट' म्हणतात, लेकीसोबत दिलेले ते. स्वीडिशमध्ये 'गिफ्ट' म्हणजे विष आणि 'गिफ्ट' म्हणजे विवाहित. दुसऱ्या अर्थामागे मुलगी लग्नात 'देण्याची' प्रथा आहे. 'मुलगी कुठे दिली?' असे विचारणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

स्लाव्ह भाषांत तर असे प्रसंग पदोपदी येतात. झेकमध्ये 'पोझोर' म्हणजे सावधान, रशियनमध्ये तोच शब्द म्हणजे बेअब्रू. दोन्हींचे मूळ 'पाहणे' या क्रियापदात आहे. एकीकडे नीट पाहा, दुसरीकडे चारचौघांनी पाहावी अशी शोभा.

सर्वांत चिवट गैरसमज तिसरा. रूप सारखे, अर्थही सारखा, मग नाते असलेच पाहिजे! फारसीतून मराठीत आलेला 'बद' बदनाम, बदफैली अशा शब्दांत वाईट हाच अर्थ सांगतो, आणि इंग्रजी 'बॅड'चाही अर्थ तोच. तरी दोघांचा संबंध नाही. फारसी 'बद'चे जुने रूप 'वद' होते, त्यामुळे जितके मागे जावे तितके हे शब्द एकमेकांपासून दूर जातात. खरे नातेवाईक असते तर जुन्या काळात ते जवळ आले असते.

इंग्रजी 'डे' आणि आपला 'दिवस' ही जोडी अशीच फसवी. 1818 मध्ये डेन्मार्कच्या रास्मुस रास्कने आणि 1822 मध्ये जर्मनीच्या याकोब ग्रिमने ध्वनिबदलांतली शिस्त मांडली. ती शिस्त सांगते की संस्कृतातला 'द' इंग्रजीत 'ट' होतो. द्वि म्हणजे टू, दश म्हणजे टेन, दन्त म्हणजे टूथ. 'दिवस'चा सख्खा शब्द इंग्रजीत 'ट'ने सुरू व्हायला हवा, त्यामुळे 'डे' या कसोटीवर बाद होतो. संस्कृत 'देव' आणि लॅटिन 'देउस' मात्र खरे भाऊ आहेत आणि त्यांचा इंग्रजी भाऊ 'ट्यूझडे'त दडला आहे. तो वार 'टिव' या जुन्या देवाचा आहे. ग्रीकांचा 'थेओस'ही देवच, दिसायलाही 'देउस'सारखा. पण तो वेगळ्या मुळाचा.

लॅटिन 'हाबेरे' आणि जर्मन 'हाबेन' दोन्हींचा अर्थ जवळ असणे. तरी त्यांचेही नाते नाही. लॅटिन 'क'च्या जागी जर्मानिक भाषांत 'ह' येतो, शंभराला लॅटिन 'केंटुम' तर इंग्रजी 'हंड्रेड'. त्या हिशोबाने 'हाबेन'चा खरा नातलग 'कापेरे', म्हणजे पकडणे.

या सगळ्या शब्दांची आई संस्कृत, असे आपल्याकडे अनेकदा ऐकू येते. 1786 मध्ये कलकत्त्यात विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे साम्य दाखवले तेव्हाही त्याने या तिघींचा उगम एका समान भाषेत असावा आणि ती कदाचित आज अस्तित्वात नसेल, असे म्हटले होते. संस्कृत थोरली बहीण ठरते, आई नव्हे.

नाते नसलेल्या घरांतही शब्दांची उसनवारी चालते. हंगेरियन भाषा या कुळाबाहेरची, पण तिने हजाराला 'एझेर' हा शब्द इराणी भाषांकडून घेतला. मराठीने 'हजार' फारसीकडून घेतला. दोन्हींमागे एकच प्राचीन इराणी शब्द आहे, आणि संस्कृत 'सहस्र' त्याचा सख्खा भाऊ.